फोरबेअर

फोरबेअर हे 'पूर्वज' या अर्थाचे इंग्रजी भाषेतील नाम आहे. बहुधा आजी-आजोबांच्याही मागच्या पिढ्यांतील व्यक्तींसाठी ते योजले जाते. 'फोरबेअर्स' हे अनेकवचनी रूप अधिक प्रचलित असून हा शब्द बोलण्यापेक्षा लेखनात जास्त आढळतो.

व्युत्पत्ती

हा शब्द पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात स्कॉटलंडमधील स्कॉट्स भाषेत आढळतो. 'फोर' म्हणजे आधी, 'बी' म्हणजे असणे आणि 'अर' हा कर्तृवाचक प्रत्यय. त्यामुळे 'आधी होऊन गेलेला' असा त्याचा मूळ अर्थ होतो. जन्म देणे किंवा वाहणे या अर्थाच्या 'बेअर' या क्रियापदाशी त्याचा संबंध नाही.

समानार्थी शब्द

'अ‍ॅन्सेस्टर' हा शब्द लॅटिन भाषेतून जुन्या फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. त्याचा मूळ अर्थ 'पुढे गेलेला' असा आहे. जीवशास्त्रात सजीवांच्या सामाईक पूर्वजासाठी हाच शब्द रूढ आहे. 'फोरफादर' या शब्दात पिता अभिप्रेत असल्याने कुळातील स्त्रिया शब्दशः वगळल्या जातात. 'फोरबेअर' मात्र स्त्री-पुरुष दोघांनाही लागू पडतो.

क्रियापदाशी होणारी गल्लत

'फॉरबेअर' या क्रियापदाचा अर्थ स्वतःला आवरणे, संयम राखणे असा आहे. ते जुन्या इंग्रजीतील सोसणे या अर्थाच्या क्रियापदापासून आले. कर्जदाराला दिलेल्या तात्पुरत्या सवलतीसाठी वापरला जाणारा 'फॉरबेअरन्स' हा शब्द त्यातूनच निघाला. नामात आघात पहिल्या अवयवावर, तर क्रियापदात दुसऱ्यावर असतो. नामाच्या वर्णलेखनात 'फोर'नंतर 'ई' हे अक्षर येते, क्रियापदात येत नाही. तथापि नाम 'ई'शिवाय लिहिण्याचा पर्यायही शब्दकोशांत नोंदवलेला असल्याने केवळ वर्णलेखनावर न विसंबता वाक्यातील संदर्भ पाहणे आवश्यक ठरते.

मराठी प्रतिशब्द

'पूर्वज' हा सर्वांत जवळचा प्रतिशब्द होय. पूर्व आणि ज मिळून 'आधी जन्मलेला' असा त्याचा अर्थ होतो. इंग्रजी शब्द असण्यावर, तर संस्कृतोद्भव शब्द जन्मावर भर देतो. घरगुती संदर्भात 'वाडवडील' हा शब्द शोभतो. 'पितर' या शब्दाला श्राद्ध व तर्पण यांचा धार्मिक संदर्भ आहे. 'फोरबेअर'मध्ये तो नसल्यामुळे सर्वसाधारण मजकुराच्या अनुवादात 'पितर' योजल्यास मूळात नसलेला अर्थ वाक्यात शिरतो.