थंडी आणि ओलावा : घरातल्या यंत्रांवरील बर्फाची कथा

हिवाळ्यातील पहाटे चिखली-मेहकर भागातील हरभऱ्याच्या शेतांवर दव उतरते. रात्री पिकावर स्वच्छ फडके अंथरावे आणि उजाडताच ते पिळून हरभऱ्याची आंब बाटलीत भरून ठेवावी, ही जुन्या घरांची रीत. पाऊस नसतानाही फडके ओलेचिंब होते, कारण पाने हवेपेक्षा थंड होताच हवेतील अदृश्य बाष्प त्यांवर पाणी होऊन बसते. हाच नियम बुलढाण्यातील घराच्या फ्रीजमध्ये चालतो आणि परदेशी स्थायिक झालेल्या मुलांच्या घराबाहेरील हीट पंपावरही.

फ्रीज आतील उष्णता ओढून बाहेर टाकतो. हीट पंप बाहेरच्या गार हवेतील उष्णता ओढून घरात आणतो. या युक्तीने घर उबदार करता येईल, असे लॉर्ड केल्व्हिन यांनी १८५२ मध्येच मांडले होते. मात्र उष्णता ओढणारी नळ्यांची जाळी हवेपेक्षाही थंड असावी लागते. म्हणून तिच्यावर दव जमते आणि गोठते.

बर्फासाठी नुसती थंडी पुरत नाही, ओलावाही लागतो. २० अंश सेल्सिअसच्या एक घनमीटर हवेत सुमारे १७ ग्रॅम बाष्प मावते, शून्य अंशाला जेमतेम ५ ग्रॅम. त्यामुळे आपल्याकडे साध्या फ्रीजमध्ये कोरड्या हिवाळ्यापेक्षा पावसाळ्यातच बर्फ लवकर साचतो. आणि ब्रिटनसारख्या देशात कडाक्याच्या कोरड्या थंडीपेक्षा शून्याच्या आसपासच्या दमट, धुकट दिवसांत हीट पंपावर अधिक.

बर्फाचा थर हवेची वाट अडवतो आणि वीज अधिक लागते. म्हणून हीट पंप मधूनमधून काही मिनिटे उलटा चालून स्वतःच बर्फ वितळवतो. तेव्हा त्याचा पंखा थांबतो आणि वाफेचे लोट उठतात. लेकीकडे प्रथमच गेलेल्या आई-वडिलांना तो धूर वाटतो. पण ती निव्वळ वाफ असते. खरा धोका खाली असतो. वितळलेले पाणी पायवाटेवर वाहून रात्री पुन्हा गोठले, तर उतारवयात पाय घसरून हाड मोडण्याचे भय. त्या पाण्याला पायवाटेपासून दूर निचरा हवा. यंत्र तासन्‌तास बर्फाने मढलेलेच राहिले, तर मात्र तंत्रज्ञाला बोलवावे.

घरच्या फ्रीजचा बर्फ सुरीने खरवडण्याची सवय अधिक घातक. नळीला छिद्र पडले की आतील वायू निघून जातो. अनेक नव्या फ्रीजमध्ये तो आयसोब्युटेन हा ज्वलनशील वायू असतो. थर अर्धा सेंटिमीटर झाला की फ्रीज बंद करून दार उघडे ठेवावे, बर्फ आपोआप वितळू द्यावा. गरम पदार्थ निवल्यावर, झाकूनच आत ठेवावेत आणि दाराचे रबर सैल नाही ना, हे पाहावे. ओलावा आतच आला नाही, तर बर्फही फारसा साचत नाही.