दोन विमानतळ : अंतर आणि वेळ

नकाशावर पट्टी ठेवून दोन गांवांमधील अंतर तुम्हीं पुष्कळदां मोजलें असेल. परंतु अंतर कळलें म्हणजे प्रवासाचा वेळही कळला, असें समजणें चुकीचें होय. याचें उदाहरण आपल्या मराठवाड्यांतच आहे.

छत्रपती संभाजीनगरचा विमानतळ चिकलठाणा येथें आहे व दुसरा नांदेडास आहे. दोहोंच्या अक्षांशांत ०.६८ अंशांचा फरक आहे. एक अंश सुमारें १११ किलोमीटरांचा, म्हणून नांदेड आपल्या दक्षिणेस सुमारें ७५ किलोमीटर पडतें. रेखांशांतील फरक १.९२ अंशांचा. रेखावृत्तें ध्रुवांकडे जवळ येत जातात. त्यामुळें आपल्याकडे रेखांशाचा एक अंश सुमारें १०५ किलोमीटरच भरतो. म्हणजे तें पूर्वेस सुमारें २०१ किलोमीटर झालें. आतां काटकोन त्रिकोणाचा कर्ण काढा. उत्तर येईल सुमारें २१५ किलोमीटर.

ताशीं ५०० किलोमीटर वेगाच्या लहान विमानास इतकें अंतर तोडण्यास २६ मिनिटें पुरावींत. पण धांवपट्टीवर येणें, उंची गांठणें व उतरतांना वेग आवरणें यांत वेळ जातो. म्हणून पाऊण तास धरावा. शिवाय घरून विमानतळावर जाणें, दीड-दोन तास आधीं हजर राहणें, तपासणी, सामान घेणें व पुन्हां गांवांत पोंचणें हें आहेच. सर्व मिळून साडेतीन तास सहज होतात. इकडे १९०० सालापासून चालू असलेला लोहमार्ग जालना, परभणी करीत सुमारें चार-पांच तासांत नांदेडास पोंचवितो.

हा हिशेब थेट विमान असेल तर. विमान कंपन्या जेथें आसनें भरतात तेथें, म्हणजे मोठ्या शहरांकडे, विमानें नेतात. ‘उडान’ योजनेखालीं २७ एप्रिल २०१७ रोजीं नांदेडहून विमान सुरू झालें, तेंही हैदराबादेसच. थेट विमान नसतां हैदराबादेवरून जावयाचें, तर ४३० आणि २४५ मिळून सुमारें ६७५ किलोमीटर होतात. म्हणजे अंतर तिप्पट झालें. मध्यें दुसऱ्या विमानाची वाट पाहणें तें निराळेंच.

हा केवळ गणिताचा विनोद नव्हे. समजा, आजी अत्यवस्थ असल्याचा निरोप नांदेडहून रात्रीं आला. विमान वेगवान म्हणून सकाळपर्यंत थांबणारा मुलगा कदाचित् उशिरां पोंचेल. मिळेल त्या पहिल्या गाडीनें निघालेला भाऊ तोंवर तिच्या उशाशीं बसलेला असेल. म्हणून पालकांनीं व विद्यार्थ्यांनीं प्रवासाचा वेळ विमानतळापासून विमानतळापर्यंत न मोजतां घराच्या उंबरठ्यापासून मुक्कामाच्या उंबरठ्यापर्यंत मोजावा. येत्या सुट्टींत आपल्या आजोळच्या वाटेचा असा हिशेब अवश्य करून पाहा.