इंजिनांच्या डावातली चाल कशी तपासायची?

डीपमाइंडने डिसेंबर २०१७ मध्ये निकाल जाहीर केला: स्टॉकफिशविरुद्धच्या १०० डावांत अल्फाझीरोने २८ जिंकले, ७२ बरोबरीत सोडवले, एकही हरला नाही. काही डावांत तर तो प्यादी देऊन टाकतो आणि समोरच्याचे मोहरे कोंडून ठेवतो!

असे डाव मी फोनवर, लिचेसवर मोफत तपासतो. पद्धत सोपी आहे.

आधी इंजिन बंद ठेवा. शह, मारामारी, धमकी या क्रमाने चाली स्वतः शोधा. मग इंजिन चालू करून तीन पर्याय बघा. +१ म्हणजे पांढऱ्याला साधारण एका प्याद्याइतका फायदा. पहिल्या पर्यायाला +४ आणि दुसऱ्याला ० दिसलं, तर समजा, सगळा डाव त्या एकाच चालीवर टांगलाय.

लगेच पुढे जाऊ नका. इंजिन खोलात गेलं की आकडा बदलू शकतो, म्हणून थोडं थांबा. तुमची चाल त्याने नाकारली, तर ती पटावर खेळा आणि समोरचं उत्तर शोधा.

आकडा ‘किती’ ते सांगतो, ‘का’ ते नाही. हे ‘का’ तुम्ही शोधलंत, तरच स्पर्धेत, फोन जवळ नसताना, चाल सुचेल.