लेखांक ७ : रोकोको शैलीतील ख्रिस्तजन्म आणि साष्टी

मागील लेखांकात बरोक शैलीचा, म्हणजे सतराव्या शतकातील युरोपच्या भव्य आणि नाट्यमय धर्मचित्रणाचा, परामर्श घेतला होता. तिच्यातूनच १७३० च्या सुमारास फ्रान्समध्ये जी हलकी, नाजूक आणि अलंकारप्रिय शैली पुढे आली, तिला रोकोको म्हणतात. शिंपल्यासारखी वळणे आणि फिक्या गुलाबी-निळ्या छटा ही तिची लक्षणे मुळात श्रीमंतांच्या दालनांसाठी घडलेली असल्याने, गोठ्यातील जन्माचा प्रसंग तिने कसा पेलला, हे पाहण्यासारखे आहे.

फ्रांस्वा बूशे (१७०३–१७७०) याचे ‘जगाचा प्रकाश’ हे १७५० मधील तैलचित्र त्याचे ठळक उदाहरण होय. पंधराव्या लुईची प्रेयसी मादाम द पाँपादूर हिने बेलव्ह्यू येथील आपल्या प्रासादाच्या प्रार्थनागृहासाठी ते करवून घेतले आणि आज ते लियों येथील ललितकला संग्रहालयात आहे. चित्रातील उजेड दिव्याचा नसून बालकाच्या देहातून फाकणारा आहे. या कल्पनेचे मूळ चौदाव्या शतकातील स्वीडनच्या संत ब्रिजिट यांच्या दर्शनकथनात असून, इटालियन चित्रकार कोरेज्जो याने १५३० च्या सुमारास ती प्रभावीपणे रंगवली होती. जवसाच्या तेलात खललेले रंग सावकाश वाळतात, त्यामुळे एक छटा दुसरीत अलगद मिसळता येते, आणि वाळलेल्या थरावर पारदर्शक रंगाचा पातळ हात दिला की खालचा उजळपणा वर झिरपतो. या तंत्राच्या आधारे बूशेने कोरेज्जोचा अंधार मवाळ केला; परिणामी गोठ्याचे दारिद्र्य मागे पडून प्रसंगाला घरगुती जिव्हाळ्याचे रूप आले.

ही शैली भारतातही पोहोचली : पोर्तुगीज अमलाखालील गोव्यातील अनेक चर्चांच्या कोरीव, सोनेरी वेदींवर अठराव्या शतकात रोकोकोची नक्षी उतरली. अंधेरी, बोरिवली, मुलुंड आणि घाटकोपर ही उपनगरे ज्या साष्टी बेटावर वसली आहेत, तेथील इतिहास मात्र वेगळा आहे. बोरिवलीला मंडपेश्वरच्या शैव लेण्यापाशी फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी आणि अंधेरी पूर्वेला, आजच्या सीप्झच्या आवारात, १५७९ मध्ये जेझुइटांनी उभारलेल्या वास्तू सोळाव्या शतकातल्या, म्हणजे रोकोकोच्या बऱ्याच आधीच्या आहेत. आणि १७३७ ते १७३९ च्या मोहिमेत मराठ्यांनी साष्टी व वसई जिंकल्यावर पोर्तुगीज राजाश्रयच संपला. ज्या दशकात पॅरिसमध्ये ही शैली बहरत होती, त्याच दशकात तिला येथे आणू शकणारी सत्ता मावळली. म्हणूनच येथील मूळच्या ‘ईस्ट इंडियन’ म्हणवणाऱ्या ख्रिस्ती समाजाच्या गावठाणांत नाताळला ख्रिस्तजन्माचे जे दृश्य दिसते, ते दरबारी तैलचित्राचे नसून, पेंढा आणि मूर्ती मांडून उभारलेल्या गोठ्याचे आहे.

या प्रसंगाला भारतीय चित्रभाषा देण्याचे काम विसाव्या शतकात झाले. मेरीला साडीत रंगवणारे गोमंतकीय चित्रकार अँजेलो दा फोन्सेका (१९०२–१९६७) आणि त्यांचे पुण्यातील कार्य यांचा परिचय पुढील लेखांकात करून दिला जाईल.