दोन टक्क्यांचा अडसर

ऑक्टोबर २००८ मध्ये श्रीहरिकोट्याहून निघालेल्या चांद्रयान-१ वर ‘नासा’चं ‘मून मिनरॉलॉजी मॅपर’ हे उपकरण होतं. चंद्राच्या मातीत पाण्याच्या आणि हायड्रॉक्सिलच्या खुणा आहेत, ही बातमी पुढच्या वर्षी सप्टेंबरात जगभर गेली, ती मुख्यतः या उपकरणाच्या नोंदींवरून. यानाचं आणि शास्त्रज्ञांचं कौतुक झालं, ते रास्तच होतं. ज्या पदार्थाने तो प्रकाश टिपला, त्याचं नाव मात्र फारसं कुणाच्या तोंडी आलं नाही. पारा, कॅडमियम आणि टेल्युरियम यांचा तो मिश्र स्फटिक. पाण्याची खूण २.८ ते ३ मायक्रॉनच्या तरंगांत होती. सिलिकॉनचा कॅमेरा कितीही महागडा नेला असता, तरी त्याला तिथे अंधारच दिसला असता.

याचं कारण सिलिकॉनच्या घडणीतच आहे. अर्धवाहकातला इलेक्ट्रॉन मोकळा करायला ठरावीक ऊर्जा लागते. तिला बँडगॅप म्हणतात. सिलिकॉनचा बँडगॅप १.१२ इलेक्ट्रॉनव्होल्ट. तरंगलांबी वाढते तशी प्रकाशकणाची ऊर्जा घटते, आणि १.१ मायक्रॉनच्या पुढचा कण हा उंबरठा ओलांडू शकत नाही. तो सिलिकॉनमधून काचेतून जावा तसा आरपार जातो. चिप बनवणारे याचाच फायदा घेऊन वेफरच्या पोटातले दोष पाहतात, पण पाहायला लागणारा कॅमेरा अर्थातच दुसऱ्या पदार्थाचा.

सिलिकॉनला न दिसणारा, साधारण एक ते अडीच-तीन मायक्रॉनचा हा पट्टा म्हणजे लघुतरंग अवरक्त. शरीराच्या उष्णतेने दिसणारी चित्रं यातली नव्हेत. ती आठ-दहा मायक्रॉनच्या आसपासची. इथे वस्तू परावर्तित प्रकाशातच दिसतात, फक्त वेगळ्या रूपात. पाणी १.४५ आणि १.९४ मायक्रॉनला प्रकाश गिळतं, म्हणून ओलं फळ काळं दिसतं आणि पिकातला ओलावा उपग्रहावरून मोजता येतो. ‘इस्रो’च्या रिसोर्ससॅट मालिकेत १.५५ ते १.७० मायक्रॉनचा पट्टा ठेवलेला आहे तो याचसाठी.

मग हव्या त्या बँडगॅपचा पदार्थ घडवायचा कसा? कागदावर हे फार सोपं आहे. गॅलियम आर्सेनाइडचा बँडगॅप १.४२, इंडियम आर्सेनाइडचा ०.३५. दोन्ही एकमेकांत कुठल्याही प्रमाणात मिसळतात. इंडियम वाढवत न्या, बँडगॅप खाली येत जातो. अडीच मायक्रॉनपर्यंत पाहायचं तर ०.५ इलेक्ट्रॉनव्होल्ट हवेत, म्हणजे इंडियमचं प्रमाण ८२ टक्क्यांच्या आसपास. प्रश्न सुटला असं वाटतं.

तो सुटत नाही, कारण स्फटिक हवेत वाढत नाही. त्याला खाली आधाराची चकती लागते, आणि वरच्या अणूंची घडी खालच्या अणूंच्या घडीशी जुळावी लागते. माझ्या मते या साऱ्या क्षेत्राची गोष्ट बँडगॅपची नाहीच, ती या आधाराची आहे. पंगत कितीही मोठी मांडा, पाट असतील तेवढीच माणसं बसणार.

इंडियम ५३ टक्के असेल तेव्हा या मिश्रणाच्या अणूंची घडी इंडियम फॉस्फाइडच्या चकतीशी नेमकी जुळते: दोन्हीकडे ५.८७ अँगस्ट्रॉम. बँडगॅप येतो ०.७४, म्हणजे दृष्टी १.७ मायक्रॉनपर्यंत. हा आकडा कॅमेऱ्यासाठी कुणी निवडलेला नाही. काचतंतूंतून दूरसंदेश पाठवायला १.३ आणि १.५५ मायक्रॉनचे तरंग उत्तम ठरले, त्यासाठी शोधक हवे होते, आणि टेलिफोनच्या पैशावर हा पदार्थ निर्दोष होत गेला. कॅमेरेवाल्यांना तो आयता मिळाला. सोनीने २०२० साली पाच मायक्रॉनच्या चित्रबिंदूंचे संवेदक आणले, तेही याच मिश्रणाचे. वरचा इंडियम फॉस्फाइडचा थर पातळ केल्याने त्यांना दृश्य प्रकाशही दिसतो.

आता ५३ वरून ८२ टक्क्यांवर जा. घडीतला फरक दोन टक्के होतो. ऐकायला किरकोळ. पण दर पन्नास अणूंमागे एक अणू जुळत नाही, ताण साचतो, आणि ठरावीक जाडीनंतर स्फटिक तो भेगांसारख्या रेषांनी मोकळा करतो. या रेषांपाशी अंधारातही प्रवाह वाहू लागतो. त्यात बँडगॅप लहान केल्याचा दंड वेगळा. खोलीच्या तापमानाला उष्णतेची ऊर्जा ०.०२६ इलेक्ट्रॉनव्होल्ट, ०.७४ वरून ०.५ वर उतरलं की, निर्दोष स्फटिकातही, हा अंधारातला प्रवाह नुसत्या घातांकाच्या हिशेबाने सुमारे दहा हजारपट होतो. मग शोधक थंड ठेवावा लागतो, आणि थंड करणारं यंत्रच कॅमेऱ्याचं वजन, वीज आणि किंमत खाऊन टाकतं.

पारा-कॅडमियम-टेल्युरियमची जात वेगळी. १९५९ मध्ये इंग्लंडमधल्या मॅल्व्हर्नच्या रडार संशोधनसंस्थेतून तो जाहीर झाला. पाऱ्याच्या आणि कॅडमियमच्या टेल्युराइडांची घडी जवळजवळ सारखी असल्याने प्रमाण बदललं तरी चकती फारशी बदलावी लागत नाही. जेम्स वेब दुर्बिणीचे निकट-अवरक्त डोळे याच पदार्थाचे आहेत. पण पाऱ्याचा बंध दुबळा, चकती महाग आणि लहान. अवकाशाला परवडतं, धान्य निवडणाऱ्या यंत्राला नाही.

मला सगळ्यात हुशार वाटलेली युक्ती म्हणजे थरांची. इंडियम फॉस्फाइडवर बिनतक्रार बसणारे दोन पदार्थ घ्यायचे, इंडियम-गॅलियम-आर्सेनाइड आणि गॅलियम-आर्सेनिक-अँटिमनी, आणि काही नॅनोमीटर जाडीचे थर आलटूनपालटून रचायचे. एकट्याएकट्याने दोघेही दोन मायक्रॉनच्या अलीकडेच थांबतात. पण इलेक्ट्रॉन एका थरात बसतो, त्याने सोडलेली रिकामी जागा शेजारच्या थरात, आणि त्या दोघांमधलं अंतर कुठल्याही एका पदार्थाच्या बँडगॅपपेक्षा कमी असतं. अडीच मायक्रॉनच्या आसपास पोचता येतं, घडी न मोडता. मोल हे की दोघे वेगळ्या खोल्यांत असल्याने त्यांची गाठ कमी पडते आणि प्रकाश कमी शोषला जातो.

थेट सिलिकॉनच्या कारखान्यातच घुसू पाहणारा गडी म्हणजे जर्मेनियममध्ये मिसळलेलं कथील. समतोलात जर्मेनियम एक टक्काही कथील सामावून घेत नाही. म्हणून थर कमी तापमानाला वाढवून कथिलाला बाहेर पडायची उसंतच द्यायची नाही. जास्त तापवलं तर ते थेंबाथेंबाने वर येतं.

आधारच नको, असं म्हणणारेही आहेत. शिसे आणि गंधकाचे पाच-सहा नॅनोमीटरचे कण द्रवात बनवून थेट सिलिकॉनच्या चिपवर पसरायचे. आकार ठरवला की तरंगलांबी ठरली. अशा क्वांटम कणांसाठी बावेंडी, ब्रुस आणि एकिमोव्ह यांना २०२३चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. यातलं शिसे-गंधक म्हणजे खनिज गॅलेना. जगदीशचंद्र बोस यांनी याच गॅलेनाच्या शोधकासाठी १९०१ मध्ये अमेरिकेत अर्ज केला आणि १९०४ मध्ये पेटंट मिळवलं. रेडिओलहरींखेरीज प्रकाशालाही तो स्फटिक दाद देतो, हे त्यांनी टिपलं होतं. आजच्या कणांची तक्रार मात्र हवेची: त्यांचा पृष्ठभाग गंजतो. शिवाय शिशावरची बंधनं आहेतच, म्हणून चांदी-टेल्युरियमचे कण पुढे येत आहेत.

हे सगळं संगणकावर आधी तपासता येत नाही का? येतं, पण जपून. इलेक्ट्रॉनांचं गणित मांडणारी घनता-फलनाची नेहमीची स्वस्त पद्धत बँडगॅप कमी दाखवते; साधं जर्मेनियम तिच्या उत्तरात चक्क धातू होऊन बसतं. लहान बँडगॅपचे पदार्थ शोधताना नेमकी हीच खोट नडते. महागड्या पद्धती ती दुरुस्त करतात, पण कुठला दोष कुठे धरेल हे वाढवून पाहिल्याशिवाय कळत नाही. मिश्रणात अणू यदृच्छेने विखुरलेले असतात, त्यामुळे गणित आणखी फुगतं.

संगणकाच्या तक्त्यात नसलेला एक रकानाही आहे. इंडियमची स्वतंत्र खाण नसते, ते प्रामुख्याने जस्ताच्या शुद्धीकरणातून निघतं, गॅलियम बॉक्साइटमधून. ऑगस्ट २०२३ पासून गॅलियम आणि जर्मेनियमच्या निर्यातीला चीनने परवाना लावला, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये टेल्युरियम आणि इंडियमलाही. त्या यादीत इंडियम फॉस्फाइड नावानिशी आहे.