संडासाला वास का येतो?

जून महिन्यात शाळा उघडते. वर्ग झाडले जातात, फळे पुसले जातात आणि शेवटी कुणीतरी संडासाचे कुलूप काढते. आतून असा भपकारा येतो की काढलेले कुलूप पुन्हा लावले जाते. सुटी लागण्यापूर्वी सगळे धुऊन ठेवलेले असते, दीड महिना आत कुणी पाऊलही टाकलेले नसते. मग वास आला कुठून? बऱ्याच शाळांत याचे उत्तर न शोधताच तो संडास 'नादुरुस्त' ठरतो. त्याची झळ कोणाला बसते हे शिक्षकांना सांगायला नको. सातवी-आठवीच्या मुली घरून निघताना पाणी पीत नाहीत, दुपारपर्यंत कशीबशी कळ काढतात आणि मधल्या सुटीत घरी गेल्या की परत येत नाहीत.

अशा संडासात एक साधी परीक्षा करून पाहावी. प्रत्येक भांड्यात आणि जमिनीतल्या प्रत्येक जाळीत अर्धी अर्धी बादली पाणी ओतावे, दारे-खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि तासा-दोन तासांनी परत यावे. वास गेला असेल तर काहीच बिघडलेले नाही. वास तसाच असेल, किंवा आज गेला आणि उद्या परत आला, तर बहुधा नळ बसवताना कुणीतरी चूक केलेली आहे. हा फरक का पडतो हे कळण्यासाठी भांड्याखालचा वाकडा नळ समजून घ्यावा लागतो.

हा नळ सरळ टाकीकडे जात नाही. तो आधी खाली उतरतो, मग थोडा वर चढतो आणि पुन्हा उतरतो. प्लंबर त्याला 'ट्रॅप' म्हणतात. गावाकडचे गवंडी त्याला 'कोंबडा' म्हणतात आणि त्याचा आकार पाहिला की ते नाव पटते. मैला पाण्याच्या जोराने वळणापलीकडे जातो, पण शेवटचे थोडे पाणी वळणातच अडकून राहते. या पाण्याच्या अलीकडे आपण आणि पलीकडे टाकीतले वायू. मधे पडदा म्हणून काय, तर साधारण ५० मिलिमीटर, म्हणजे तीन बोटे पाणी. अलेक्झांडर कमिंग या लंडनमधल्या घड्याळजीने १७७५ मध्ये अशा वळणाच्या संडासाचे पेटंट घेतले. त्यानंतर पुष्कळ सुधारणा झाल्या, पण पाण्याच्या या पडद्याला आजवर चांगला पर्याय सापडलेला नाही. बाथरूमच्या जमिनीतही असाच ट्रॅप असतो. आपल्याकडच्या स्थापत्यशास्त्राच्या इंग्रजी पुस्तकांतसुद्धा त्याचे नाव 'नाहणी ट्रॅप' असेच छापलेले असते. घरातली न्हाणी थेट तांत्रिक परिभाषेत जाऊन बसली आहे!

आता हा पडदा किती नाजूक आहे ते पाहू. वातावरणाचा दाब सुमारे १० मीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका असतो, हे आपण वर्गात शिकवतो. ५० मिलिमीटर म्हणजे त्याचा दोनशेवा भाग. नळातल्या हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा अर्धा टक्का कमी झाला, तरी खोलीतली हवा ट्रॅपमधले पाणी ढकलून पलीकडे नेऊ शकते. कमी पाण्यात काम भागावे म्हणून ग्रामीण संडासाच्या कोंबड्यात तर फक्त २० मिलिमीटरचा पडदा ठेवतात. तिथे याच्याही निम्म्याहून कमी फरक पुरतो.

आणि दाबात एवढा फरक सहज पडतो. वरच्या मजल्यावरून बादलीभर पाणी उभ्या नळातून खाली येते, तेव्हा ते पिचकारीच्या दट्ट्यासारखे काम करते. मागे हवा विरळ होते, पुढे दाबली जाते. म्हणून वरून कुणी पाणी सोडले की मधल्या मजल्यावरच्या ट्रॅपमधले पाणी ओढले जाते आणि तळमजल्यावरच्या भांड्यात पाणी उसळते. गुडगुड असा आवाज ऐकू येतो तो याचाच. हवा पाण्याचा पडदा फोडून जात असते.

हे मुलांना दाखवणे सोपे आहे. गवंडी लेव्हल पाहण्यासाठी वापरतात तशी दीड मीटर पारदर्शक नळी घ्यावी, जितकी जाड मिळेल तितकी बरी. एका फळीवर ती खिळ्यांच्या आधाराने इंग्रजी 'एस' अक्षर आडवे पाडल्यासारखी बांधावी. एका टोकाला नरसाळे, मग खालचे वळण, त्यानंतर वरचे वळण, आणि दुसरे टोक मीटरभर खाली बादलीत लोंबते. नरसाळ्यातून बारीक धारेने पाणी ओतले तर खालच्या वळणात पाणी टिकते. आता पेलाभर पाणी एकदम ओता. लांब नळी पाण्याने पूर्ण भरते, वक्रनलिका सुरू होते आणि शेवटी 'सुर्र' आवाज करत वळणातले पाणीही निघून जाते. मग वरच्या वळणाच्या माथ्यावर तापवलेल्या खिळ्याने भोक पाडा आणि तोच प्रयोग पुन्हा करा. एक-दोन थेंब उडतील, पण भोकातून हवा आत शिरल्याने ओढ तुटते आणि वळणातले पाणी जागेवर राहते.

हे भोक म्हणजेच इमारतीतला हवेचा नळ, 'व्हेंट पाईप'. मैल्याचा उभा नळ शेवटच्या मजल्यावर न थांबवता तसाच गच्चीवर नेऊन उघडा ठेवतात तो यासाठी. पुष्कळांना वाटते की तो वास बाहेर सोडायला आहे. ते कामही तो करतो, पण त्याचे मोठे काम हवा आत घेण्याचे. हे माहीत नसल्यामुळेच हौशी दुरुस्तीत पहिला बळी त्याचा जातो. 'वास येतो' म्हणून कुणी त्याच्या तोंडावर टोपण घट्ट बसवतो, कुणी गच्ची वापरायची म्हणून तो कापून सिमेंटने बुजवतो. मग खालच्या सगळ्या ट्रॅपवर ताण येतो, आणि ज्या वासासाठी हे केले तो घरात येतो.

दुसरी चूक नाहणी ट्रॅपची. त्यातल्या एका प्रकारात पाण्यात उपडी बसणारी एक वाटी असते आणि पाण्याचा पडदा त्या वाटीमुळेच तयार होतो. वाटीत केस अडकतात, पाणी तुंबते, आणि कुणीतरी 'ही कशाला हवी' म्हणून ती काढून टाकतो. पाणी झकास जाऊ लागते, पण झुरळे आणि वास यांनाही रस्ता मोकळा होतो. वाटी काढावी, धुवावी आणि परत ठेवावी. तिसरी चूक याच्या उलट: भीतीपोटी एकाच नळावर पाठोपाठ दोन ट्रॅप बसवणे. मधल्या हवेला ना पुढे जाता येते ना मागे, आणि दुहेरी सुरक्षेऐवजी कायमचे तुंबणे पदरी पडते.

चौथी चूक उताराची. ती फरशी बसली की दिसत नाही आणि निस्तरायला सगळ्यात महाग पडते. चार इंची आडव्या नळाला साधारण ४० ला १ उतार द्यावा, म्हणजे दर मीटरला अडीच सेंटिमीटर. भांडे भिंतीपासून तीन मीटर आत असेल तर नळाची दोन टोके साडेसात सेंटिमीटर खालीवर हवीत. जमिनीत तेवढी खोली मिळाली नाही की उतार मारला जातो, पाण्याचा वेग कमी पडतो आणि मैला वाटेत बसतो. अलीकडे वास्तुशास्त्राच्या नावाखाली संडास घराच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात हलवण्याची जी टूम निघाली आहे, तिच्यात हे हमखास घडते. दिशा बदलता येते, गुरुत्वाकर्षण बदलत नाही. दोन खड्ड्यांच्या ग्रामीण संडासात दीड-दोन लिटरच पाणी ओतले जाते, म्हणून तिथे उतार याहून बराच जास्त, १५ ला १ च्या आसपास, लागतो. तसेच दोन नळ जोडताना काटकोनी जोड वापरू नये. 'वाय' आकाराचा तिरका जोड वापरावा, म्हणजे प्रवाह भिंतीवर आपटून थांबत नाही.

खड्ड्यांबाबत एक गोंधळ दूर केला पाहिजे. सेप्टिक टाकी सिमेंटची बंद पेटी असते. तिच्यात मिथेन, हायड्रोजन सल्फाइड असे वायू साठतात, म्हणून तिला हवेचा नळ हवाच. दोन खड्ड्यांच्या संडासाचे तसे नाही. तिथे खड्ड्याच्या भिंतीत फटी ठेवलेल्या असतात, तळ मातीचा असतो, आणि पाणी व वायू दोन्ही मातीत मुरतात. तिथे वेगळा हवेचा नळ लागत नाही. पण गवंडी सवयीने खड्ड्याला आतून गुळगुळीत गिलावा करतात, तळाला कोबा घालतात आणि वर नळ उभा करतात. म्हणजे शोषखड्ड्याची निकामी टाकी होते आणि ती काही महिन्यांत भरून वाहू लागते. दोन्ही खड्डे एकदम चालू ठेवणे ही आणखी एक चूक. एक वापरात असताना दुसऱ्यातला मैला कुजून निर्धोक खत व्हायला हवा, त्यासाठीच तर खड्डे दोन.

शिक्षकांनी एक गोष्ट मात्र कधीही करू नये, करवून घेऊ नये: टाकीचे झाकण उघडून कुणाला आत उतरवणे. हायड्रोजन सल्फाइडचे प्रमाण थोडे असते तेव्हा सडक्या अंड्यांचा वास येतो. ते वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते आणि माणसाला वाटते की वास गेला. टाकीत उतरलेला एक आणि त्याला काढायला गेलेले आणखी दोघे अशा बातम्या आपण वाचतो, त्याचे हे एक कारण आहे. संरक्षक साधनांशिवाय माणसाकडून अशी सफाई करवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे.

वास हा केवळ नाक मुरडण्याचा विषय नाही, हे २००३ मध्ये हाँगकाँगला कळले. तेव्हा सार्सची साथ चालू होती. अमॉय गार्डन्स नावाच्या उंच इमारतींच्या वसाहतीत मार्च महिन्यात एक रुग्ण नातेवाइकाकडे आला. त्याला जुलाब होत होते आणि त्याने तिथला संडास वापरला. पुढे त्या वसाहतीत ३०० हून अधिक लोकांना लागण झाली, त्यातले बरेचसे त्याच एका इमारतीतले. आरोग्य खात्याच्या तपासात सगळ्यात संशयास्पद ठरले ते बाथरूमच्या जमिनीतले ट्रॅप. रहिवासी फरशी पाण्याने धूत नसत, फडक्याने पुसत. त्यामुळे जाळीखालचे ट्रॅप कोरडे पडले होते. खोलीतला पंखा हवा बाहेर फेकायला लागला की कोरड्या ट्रॅपमधून मैल्याच्या नळातली हवा आणि तिच्यातले विषाणू असलेले सूक्ष्म थेंब आत ओढले जात असावेत. त्या इमारतीतल्या हवेच्या नळाला तडाही आढळला. पाण्याचा पडदा जागेवर असता तर ही वाट बंद राहिली असती.

आता परत शाळेकडे. मे महिन्यात ट्रॅपमधले पाणी रोज दीड मिलिमीटर आटते असे धरले, तर ५० मिलिमीटरचा पडदा सुमारे ३३ दिवसांत संपतो आणि कोंबड्यातला २० मिलिमीटरचा १३ दिवसांतच. दीड महिन्याच्या सुटीत दोन्ही टिकणार नाहीत. शिपाईमामा किंवा जवळ राहणारे कुणी आठवड्यातून एकदा येऊन बादलीभर पाणी ओतू शकले, तर प्रश्न मिटतो. ते जमणार नसेल तर सुटी लागण्याच्या दिवशी प्रत्येक ट्रॅपमध्ये पाणी भरून वर दोन-तीन चमचे गोडेतेल सोडावे. तेल पाण्यावर पसरते आणि वाफ होऊ देत नाही. शिवाय डासांच्या अळ्यांनाही श्वास घेता येत नाही.

तेलाने खरोखर किती फरक पडतो हे मुलांनीच मोजावे. दोन सारखे पेले घ्यावेत, दोन्हींत सारखे पाणी भरून पातळीवर चिकटपट्टीची खूण करावी आणि एकात चमचाभर तेल घालावे. पेले घरी सावलीत ठेवून दर रविवारी पातळी मोजून वहीत लिहावी. तिसऱ्या पेल्यावर भोके पाडलेला पत्रा झाकला तर जाळीखालच्या ट्रॅपची स्थितीही कळेल. जूनमध्ये सगळ्यांच्या वह्या एकत्र करून रोजच्या घटीची सरासरी काढावी आणि आम्ही वर धरलेला दीड मिलिमीटरचा आकडा तुमच्या गावच्या हवेला किती लागू पडतो ते तपासावे.