पुन्हा विरघळणारा थर: नायट्रो लॅकरच्या गिटारी आणि त्यांची निगा

पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेत मोटारी झपाट्यानं बनू लागल्या होत्या, पण रंग वाळायची वाट पाहत त्या कारखान्यातच अडून पडत. तेलाचं व्हार्निश ब्रशनं द्यायचं, वाळू द्यायचं, घासायचं, पुन्हा द्यायचं, यात आठवडे जात. दुसरीकडे ड्यूपाँ कंपनीकडे युद्धासाठी उभारलेली नायट्रोसेल्युलोज बनवण्याची मोठी यंत्रणा होती आणि युद्ध संपलं होतं. कापसाच्या तंतूंवर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लांची प्रक्रिया केली की हा पदार्थ तयार होतो. त्यात नायट्रोजनचं प्रमाण चढं ठेवलं की स्फोटक, जरा उतरतं ठेवलं की सेल्युलॉइड नाहीतर लॅकर. पंचाईत अशी होती की द्रावण फार दाट व्हायचं, आणि फवारण्याइतकं पातळ केलं तर त्यात ऐवज नावापुरता उरायचा. ड्यूपाँच्या रसायनतज्ज्ञांनी कमी दाट होणारं नायट्रोसेल्युलोज बनवलं आणि त्या रंगाला ‘ड्यूको’ नाव दिलं. १९२४ च्या मॉडेलची निळी ओकलंड गाडी हा रंग लेवून बाजारात आली. आठवड्यांचं काम तासांवर आलं.

मोटारींसाठी निघालेला हा रंग वाद्यांवर यायला वेळ लागला नाही. मिशिगनमधल्या कॅलमॅझू गावी गिब्सन कंपनी तोवर मँडोलिन आणि गिटारींवर व्हार्निश देत असे. १९२२ ते १९२४ मधल्या, लॉइड लोअर यांच्या सहीच्या प्रसिद्ध एफ-५ मँडोलिन व्हार्निशच्याच आहेत. १९२० च्या दशकाच्या मध्यावर गिब्सननं लॅकर धरलं आणि ते आजतागायत सोडलेलं नाही. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनला लिओ फेंडर यांनी १९५० पासून सपाट, भरीव लाकडाच्या इलेक्ट्रिक गिटारी काढल्या तेव्हा त्यांनाही तेच सोयीचं होतं. फेंडरचे ‘कस्टम’ रंग तर सरळ मोटारींच्या रंगपत्रातून उचललेले. फिएस्टा रेड हा फोर्डच्या थंडरबर्डचा रंग. असा रंग हवा असेल तर गिऱ्हाइकानं किमतीवर ५ टक्के जादा मोजायचे. पुढे १९६८ च्या सुमारास फेंडरनं जाड, टणक पॉलिस्टरचा रस्ता धरला. आज दुकानात टांगलेल्या बहुतेक गिटारींवर पॉलिस्टर किंवा पॉलियुरेथेनच असतं. नायट्रो, म्हणजे नायट्रोसेल्युलोजचं लॅकर, उरलं आहे ते गिब्सनकडे, फेंडरच्या जुन्या धर्तीच्या काही महागड्या मालिकांवर आणि हातानं गिटार घडवणाऱ्या कारागिरांकडे.

‘नायट्रोमुळे लाकूड श्वास घेतं, आवाज खुलतो’ असं गिटारवाले मोठ्या श्रद्धेनं सांगतात. इलेक्ट्रिक गिटारच्या बाबतीत मला हा दावा पटत नाही. पिकअप तारेचं कंपन पकडतो. त्या कंपनावर लाकडाचा, पुलाचा, बांधणीचा परिणाम होतो, पण पातळ थर नायट्रोचा आहे की पॉलिस्टरचा, हे कानानं ओळखून दाखवणं फार अवघड आहे. नायट्रोचं मोठेपण दुसरीकडे आहे, आणि त्याची सगळी दुखणीही तिथूनच निघतात.

पॉलिस्टर, पॉलियुरेथेन हे रासायनिक क्रियेनं घट्ट होतात. रेणू एकमेकांत कायमचे गुंततात आणि पुन्हा मोकळे होत नाहीत. नायट्रो लॅकरमध्ये असं काही घडत नाही. त्यातलं थिनर उडून जातं आणि उरलेलं जागच्या जागी जमतं. पाक आटून साखर जमावी आणि पाणी घालताच तिचा पुन्हा पाक व्हावा, तसा हा प्रकार आहे. १९५८ साली फवारलेल्या थरावर आज थिनरचा थेंब पडला तर तो थर आजही मऊ होईल. निगा राखताना बाकी काही विसरलं तरी चालेल, हे विसरून चालत नाही.

दुसरी गोष्ट त्यातल्या मऊपणाची. निव्वळ नायट्रोसेल्युलोजचा थर काचेसारखा कडक आणि ठिसूळ होतो, म्हणून त्यात रेझिन घालतात आणि लवचिकपणासाठी प्लॅस्टिसायझर: कापूर, प्रक्रिया केलेलं एरंडेल, थॅलेट वर्गातली रसायनं. हा प्लॅस्टिसायझर थरात बांधलेला नसतो, नुसता मुरलेला असतो. तो वर्षानुवर्षं हळूहळू निघून जातो, आणि बाहेरचा दुसरा एखादा आत शिरूही शकतो. निघून गेला की तडे, बाहेरून शिरला की चिकटपणा. लॅकरच्या गिटारीची जी गाऱ्हाणी दुरुस्तीच्या टेबलावर येतात, त्यातली बरीचशी या दोहोंत बसतात.

आधी तडे. जुन्या गिटारीवर आडव्या, कधी तिरप्या, अगदी बारीक भेगांचं जाळं दिसतं. ठिसूळ झालेला थर तापमान झटकन बदललं की लाकडाशी जुळवून घेऊ शकत नाही आणि फाटतो. अमेरिकेच्या उत्तर भागात हे नेहमीचं आहे. बर्फाळ रात्रीत गाडीतून आलेली पेटी उबदार खोलीत लगेच उघडली की काही क्षणांत भेगा पडलेल्या लोकांनी डोळ्यांनी पाहिल्या आहेत. म्हणून तिकडचा नियम आहे: पेटी घरात आणा, बंदच ठेवा, आतलं तापमान सावकाश खोलीइतकं होऊ द्या, मग उघडा. टोरंटो, शिकागोकडे राहणाऱ्या मराठी वादकांनी हा नियम काटेकोर पाळावा. आपल्याकडे बर्फ नाही, पण विमानाच्या सामानकक्षातून आलेली पेटी आणि मे महिन्यातल्या नागपूरच्या उन्हात तापलेली डिकी आहे. तापलेली गिटार थेट एसीच्या झोताखाली नेऊन ठेवू नये.

पडलेले तडे ‘भरून’ घ्यावेत का, असं बरेच जण विचारतात. माझं मत स्पष्ट आहे: जोवर थर लाकडापासून सुटून खपल्या निघत नाहीत, तोवर हात लावू नये. ते वयाचं चिन्ह आहे, बिघाड नव्हे. मात्र तडे गेलेल्या गिटारीवर ओलं फडकं, तेल किंवा पॉलिशची क्रीम फिरवायची नाही. द्रव भेगांतून आत शिरतो, पॉलिशची पांढरी पूड भेगांत बसते आणि मग ती निघता निघत नाही.

आता चिकटपणा. गिटारीचा स्टँड, भिंतीवरचं हुक, पट्ट्याचं रेक्झीन, पेटीत गुंडाळून ठेवलेली केबल यांतलं रबर किंवा मऊ पीव्हीसी नरम राहतं ते त्यातल्या प्लॅस्टिसायझरमुळे. तो रोज थोडाथोडा लॅकरमध्ये उतरतो. काही आठवड्यांत स्टँडच्या जागी थर मऊ होतो, रंग बदलतो, आणि उचलताना फोमचा ठसा घेऊनच गिटार वर येते. नव्या लॅकरला हा त्रास जास्त, कारण ते अजून पुरतं घट्ट झालेलं नसतं. हल्ली काही कंपन्या नायट्रोला चालेल असा फोम लावलेले स्टँड विकतात. ते घेताना कंपनीनं तसं स्पष्ट लिहिलं आहे का ते बघावं. एरवी टेकण्याच्या जागी जाड सुती कापड गुंडाळावं आणि अधूनमधून बदलावं. पट्टा सुती घ्यावा, आणि पेटीत ठेवताना तो काढून ठेवावा. वादकांना मी आवर्जून सांगतो तो आणखी एक शत्रू म्हणजे डासांचं मलम. डीट हे रसायन असलेलं मलम चोळलेला हात नायट्रोवर टेकला की थर विरघळायला लागतो. सनस्क्रीन, अत्तर, डिओडरंट आणि कोविडपासून प्रत्येकाच्या पिशवीत आलेलं अल्कोहोलचं सॅनिटायझर हीही त्याच यादीतली. खुल्या मैदानावर कार्यक्रम असेल तर हात साबणानं धुऊन, कोरडे करूनच गिटार हातात घ्यावी.

रोजची निगा इतकी साधी आहे की लोकांचा त्यावर विश्वास बसत नाही. वाजवून झाल्यावर कोरड्या, मऊ सुती फडक्यानं घाम पुसायचा: मानेमागचा, उजवा कोपर टेकतो तिथला, पुलाजवळचा. डाग राहिलाच तर तोंडाची वाफ सोडून पुसायचा. स्टिकरचा गोंद किंवा जुनाट चिकट थर असेल तर फडक्याला थोडं लायटरमध्ये भरायचं नॅप्था लावून, हवेशीर जागी, ज्योतीपासून दूर, आधी एका आडोशाच्या जागी पाहून मग पुसावं. नॅप्था नायट्रोला विरघळवत नाही. स्पिरिट, ॲसिटोन, नेलपॉलिश रिमूव्हर आणि एनसी थिनर मात्र विरघळवतात. मोटारीच्या डॅशबोर्डचं किंवा फर्निचरचं चकचकीत पॉलिश वापरू नये. त्यात बहुधा सिलिकॉन असतं, ते भेगांत मुरतं आणि पुढे कधी लॅकर मारायची वेळ आली की नव्या थरात गोल खड्डे पडतात. तडे नसलेल्या गिटारीवर वर्षातून एखाद्या वेळी कार्नोबा मेणाचा अगदी पातळ हात चालतो. घासून चमक आणणारी पेस्ट टाळलेली बरी, कारण प्रत्येक घासणीत थोडा थर जातो आणि मुळात तो असतोच किती? एका मिलिमीटरचा लहानसा अंश.

प्रकाशानंही हा थर बदलतो. सूर्याच्या अतिनील किरणांनी नायट्रो पिवळं पडतं. पांढरी गिटार सायीच्या रंगाची होते, फेंडरची ‘लेक प्लॅसिड ब्लू’ रंगाची गिटार वरच्या पिवळ्या थरामुळे हिरवट दिसू लागते. १९५८ ते १९६० मधल्या गिब्सन लेस पॉलच्या ‘सनबर्स्ट’वरचा लाल रंग प्रकाशात टिकणारा नव्हता, म्हणून काहींची लाल कड विरत जाऊन मधाळ किंवा लिंबाच्या रंगाची झाली. पीटर ग्रीन, मग गॅरी मूर आणि आता कर्क हॅमेट यांच्याकडे असलेली १९५९ ची ‘ग्रीनी’ ही त्यातलीच एक. रंग उडाला म्हणून त्या गिटारींची किंमत कमी झाली नाही. तरीही नवी गिटार खिडकीतल्या उन्हात टांगून ‘पिकवण्या’चा उद्योग मला मान्य नाही. उन्हात लाकूडही तापतं, माना वाकतात, सांधे सुटतात.

पिकगार्डबद्दल थोडं विस्तारानं सांगायला हवं, कारण इथे धोका खरा आहे. जुन्या गिब्सन आर्चटॉपचे आणि १९६० च्या आसपासच्या फेंडरचे कासवपाठी नक्षीचे किंवा हिरवट पांढरे पिकगार्ड सेल्युलॉइडचे आहेत, म्हणजे तेच नायट्रोसेल्युलोज, फक्त जाड पत्र्याच्या रूपात. ते आकसतात, वाकतात, आणि कुजू लागले की नायट्रोजनच्या ऑक्साइडांची आम्लधर्मी वाफ सोडतात. बंद पेटीत ती कोंडली की स्क्रू गंजतात, सोनेरी मुलामा हिरवा पडतो, जवळचं लॅकरही खराब होतं. मूकपटांची आणि सुरुवातीच्या बोलपटांची फिल्मही याच पदार्थाची होती. दादासाहेब फाळक्यांचा १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ त्यावरच छापला गेला. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या कोठाराला आग लागून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या ताब्यातल्या नायट्रेट रिळांचा मोठा साठा जळून गेला. गिटारीवरचा पातळ थर असा आपोआप पेटत नाही. पण कुजणाऱ्या सेल्युलॉइडला थंडावा, हवा आणि अंतर लागतं, हे चित्रपट जतन करणाऱ्यांनी आधी ओळखलं. पिकगार्डवर भुकटी, घामासारखे थेंब किंवा झोंबरा वास जाणवला तर तो काढून कागदी पाकिटात, गिटारीपासून वेगळा ठेवावा आणि जागी नवा बसवावा. मूळ पिकगार्ड हरवू मात्र देऊ नये.

विरघळण्याचा हा गुण दुरुस्तीत उपयोगी पडतो. पॉलिस्टरचा टवका उडाला तर नवा थेंब जुन्यात मिसळत नाही, कड दिसत राहते. नायट्रोवर लॅकरचा थेंब टाकला की तो खालच्या थरात वितळून एकजीव होतो. थेंब आटून खाली बसतो, मग वर दुसरा, तिसरा; शेवटी बारीक कागदानं सपाटी. गिब्सनची मान हेडस्टॉकपाशी मोडणं हे तर नित्याचं दुखणं. तिथे सांधा चिकटवल्यावर रंगाचा जोड बेमालूम होतो तो या गुणामुळेच. मिरजेच्या तंबोऱ्यांवरचा चपड्याचा हात स्पिरिटनं पुन्हा जागा होतो, त्यामागचं तत्त्वही हेच आहे.

म्हणूनच जुनी गिटार ‘नवी करून’ आणण्याची हौस मला दुःख देते. सगळा थर खरवडून नवा रंग दिला की जुन्या अमेरिकन गिटारीची किंमत साधारण निम्म्यावर येते, असा बाजाराचा ढोबळ हिशेब आहे. पैशापेक्षा मोठं नुकसान म्हणजे मूळ थर परत आणता येत नाही. गिटारवादक रॉरी गॅलाघर यांची १९६१ ची स्ट्रॅटोकास्टर बघा. घामानं, दौऱ्यांनी आणि चोरीला जाऊन उघड्यावर काढलेल्या दिवसांनी तिचा बहुतेक रंग गेला. उघडं लाकूड घेऊनच ती वाजत राहिली आणि २०२४ च्या लिलावानंतर आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयात पोहोचली. तिच्यासारखी दिसावी म्हणून कारखान्यातच झिजवलेल्या गिटारी १९९० च्या दशकापासून विकल्या जातात. त्यांची कारागिरी थक्क करणारी असते, पण मला नवी चकचकीत गिटार घेऊन स्वतःच्या हातानं झिजवणारा वादक जास्त आवडतो.

दुरुस्तीला देणार असाल तर ऋतू बघा. पावसाळ्यात मुंबई, कोकण, गोव्याकडे हवेत इतका ओलावा असतो की थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर दव धरतं आणि लॅकर पांढरं पडतं. कारागीर वाळणं लांबवणारं रिटार्डर घालून वेळ मारून नेतात, पण मंद वाळणारं ते लॅकर मऊही जास्त दिवस राहतं. त्याच महिन्यांत घरच्या पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात, आठवड्याला पेटी उघडून हवा द्यावी, आर्द्रतामापकाचा काटा ४५ ते ५५ टक्क्यांच्या जवळ राहील असं बघावं. विदर्भात आणि मराठवाड्यात उन्हाळ्यात उलट कोरडेपणा सांभाळावा लागतो. फवारणीचं काम दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत द्यावं, मास्क लावणाऱ्या आणि हवेशीर जागेत, आगीपासून दूर फवारणाऱ्या कारागिराकडे. लॅकर तासाभरात हाताला कोरडं लागतं, पण आतलं थिनर पुढे काही आठवडे निघत राहतं. कारागीर म्हणाला, ‘महिनाभर राहू द्या माझ्याकडे,’ तर राहू द्यावं. घरी आणल्यावरही थोडे दिवस ती स्टँडवर टेकवू नये, पट्टा लावू नये, आणि थिनरचा गोडसर वास पूर्ण जाईपर्यंत पेटीत कोंडू नये.